दोन मजल्यांच्या मध्ये

लिफ्ट अडकली तेव्हा बाबा थाप मारत होते.

शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, "भाऊजी, लेकीची पीएचडी कुठवर आली?" आणि ते म्हणाले होते, "चाललीय. प्रयोगशाळेतून पाय निघत नाही बघा तिचा." तेवढ्यात गचका बसला. पंखा थांबला. वहिनींनी भाजीची पिशवी पोटाशी धरली आणि घंटेचं बटण दाबत सुटल्या.

बऱ्याच वेळानं वरच्या बाजूचं दार वीतभर सरकलं. फटीत काळे बूट दिसले.

"आत किती जण आहात?"

लेकीचा आवाज ओळखून बाबा कोपऱ्यात सरकले. या इमारतीची तक्रार आली की लेक नेहमी कामावरच्या जोडीदाराला पाठवायची. बापलेकीचं तसं ठरलंच होतं. आज जोडीदार रजेवर असणार.

"दोघं!" वहिनी ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई, मुलगीच पाठवलीय! भाऊजी, हिला जमेल का हो?"

लेकीनं वाकून आत पाहिलं. बाबांना पाहिलं, शेजारी वहिनींना पाहिलं. टोपी कपाळावर ओढून घेत म्हणाली, "साहेब, दारापासून लांब उभे राहा. मी वर जाऊन हातानं चाक फिरवते. लिफ्ट मजल्याला लागली की दार मीच उघडीन."

बूट जिन्याकडे वळले.

"चिंगे!" बाबा ओरडले.

बूट थांबले.

"साहेब कुणाला म्हणतेस गं? आणि सकाळी डबा विसरून गेलीस, जेवलीस का काही?"

बूट पुन्हा फटीशी आले. मग, "बाबा, तुम्ही लिफ्टमध्ये अडकलाय. डबा काय काढताय?"

वहिनींचा आ वासलेलाच होता. "म्हणजे ती पीएचडी...?"

"सोडली. मन रमेना तिचं. मग हे शिकली." बाबांनी घाम पुसला. "सांगायला माझीच जीभ रेटत नव्हती."

लिफ्ट हलली. थांबली. पुन्हा इंचाइंचानं वर चढू लागली. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"घाबरू नका," बाबा म्हणाले. "पोरगी ओढतेय माझी."

लेकीनं दार उघडून त्यांना बाहेर काढलं आणि दुरुस्ती होईपर्यंत दोघं जिन्यात बसून राहिली. शेवटी लेक हात पुसत आली. "झाली. जा आता."

"मी बाई जिन्यानंच जाते," म्हणत वहिनींनी कठडा धरला.

बाबा लिफ्टमध्ये शिरले. घर चौथ्या मजल्यावर होतं. पण लेकीकडे बघून हसत त्यांनी थेट सगळ्यात वरचं बटण दाबलं.