उभा गुडघा

"मित्रासाठी हवंय," शार्शेन दुसऱ्यांदा म्हणाला आणि खिडकीबाहेर बांधलेल्या आपल्या घोड्याकडे बघत राहिला.

औषधवाल्या बुरुलने नुसती मान डोलावली. कोचकोरमधल्या तिच्या दुकानात असल्या खरेदीला येणारे सगळेच पुरुष मित्रासाठी येत. तिने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या.

प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, पण शार्शेनचा लघवीवरचा ताबा काही परत आला नव्हता. खोकला आला की विजार ओली, हसू आलं की ओली. कुळात वयाने सगळ्यांत मोठा तोच. त्याने तळहात पसरून आशीर्वाद दिल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नसतं. पण मागच्या शरदात, मेंढीचं डोकं, म्हणजे वडीलधाऱ्याने वाटायचा मानाचा घास, समोर यायच्या आतच त्याने आशीर्वाद उरकला आणि पाहुणे अर्धपोटी उठले. ती लाज त्याला आजही जाळत होती. तेव्हापासून गुडघेदुखीचं निमित्त सांगून तो घरीच बसे आणि त्याच्या जागी एसेनकुल बसे. हा एसेनकुल त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. डावा गुडघा उभा करून खानासारखा सहा-सहा तास बसायचा, जागचा हलायचा नाही. उठल्यावर तेवढा लंगडायचा. तरुणपणी घोड्यावरून पडलो होतो, असं सांगायचा. शार्शेनला त्याचा मनापासून हेवा वाटे.

आणि शनिवारी शार्शेनच्या नातीचं, चोल्पोनचं लग्न होतं. आपल्या नातीला दुसऱ्याने आशीर्वाद द्यायचा, हे त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बुरुलने एकेक वस्तू समजावली. आत चिकटवायची घडी थेंबाथेंबाला पुरते, सहा तासांच्या चहाला नाही. शोषून घेणारी चड्डी सगळं पोटात घेते, पण मांडी घातली की फुगते आणि कुरकुरते. तिसरं म्हणजे रबराचं पातळ आवरण, त्याला नळी, आणि नळीच्या टोकाला पोटरीवर बांधायची पिशवी.

"मित्र पायात काय घालतो?" तिने विचारलं.

"उंच चामडी बूट. वरचे रबरी जोडे दाराशी निघतात, बूट पायातच राहतात."

"मग पिशवी बुटात मावेल. बसताना तेवढा त्या पायाचा गुडघा उभा ठेवायचा, नळी दुमडत नाही." तिने मापाची कागदी पट्टी पुढे सरकवली. "आणि माप खरं घ्यायचं. पुरुष हटकून एक माप मोठं मागतात, मग गळतं."

मित्र बाहेरच उभा आहे, असं सांगून शार्शेन पट्टी घेऊन मागच्या संडासात गेला. परत आला तो कान लाल करून. मोठं माप त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि मधलं मागितलं. सत्तर वर्षांत एवढा खरेपणा त्याने क्वचितच केला असेल.

शनिवारी लग्नाच्या यर्टमध्ये, त्या गोल लोकरी तंबूत, दारासमोरच्या मानाच्या जागेवर तो उजवा गुडघा उभा करून बसला. शेजारी एसेनकुल, डावा गुडघा उभा करून.

"आज मेंढीचं डोकं बघायला मिळेल ना," एसेनकुल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "की पुन्हा कुठली गाडी गाठायचीय?"

यर्ट हसली. शार्शेनही हसला, वर्षात पहिल्यांदा पोट धरून, आणि विजार कोरडी राहिली. मग त्याला कोण आवरणार. त्याने मेंढीचं डोकं स्वतः कापून वाटलं, कान नातवंडांना दिले, चहाला एकदाही नाही म्हटलं नाही. पाहुणे पेंगायला लागले, तो मात्र चोल्पोनच्या सासरच्यांना सात पिढ्यांची नावं ऐकवत होता. पाचव्या तासाला त्याने तळहात पसरले आणि एवढा लांब आशीर्वाद दिला की चोल्पोन रडली आणि तिचा सासराही रडला. शार्शेनची छाती अभिमानाने भरून आली. आपली जागा आपण परत घेतली होती.

मग तो उठला. उजवा पाय चांगलाच जड झाला होता. दाराकडे जाताना दोन पावलं तो लंगडलाच. इतक्यात एसेनकुल लंगडत त्याच्या उजव्या बाजूला आला, त्याच्या दंडात हात घातला आणि कानाशी लागला.

"उजव्या बुटात बांधलीस ते बरं केलंस. माझी तीन वर्षं डाव्यात आहे. एकमेकांना धरून चाललो, तर दोघं सरळ दिसू."