रेघ सरळ राहीना

पडद्यावरची रेघ पुन्हा थरथरली. बोरकर मॅडम आणखीच जोरात खोलीभर येरझारा घालू लागल्या.

पुढच्या मोठ्या अंतराळ दुर्बिणीसाठी त्यांनी आरसा धरून ठेवणारी चौकट बनवली होती. शेजारच्या खोलीत तिची चाचणी चालू होती. केसाच्या लाखाव्या भागाइतकाही आरसा हलता कामा नये, अशी दुर्बीण मंजूर करणाऱ्या समितीची अट. तो हलला की इकडे रेघ थरथरायची. मॅडमनी आठवडाभर एसी बंद ठेवला, लिफ्टला कुलूप लावलं, चहाची ढकलगाडीसुद्धा फाटकापाशीच अडवली. तरी रेघ काही ऐकेना.

"आता काय रस्त्यावरच्या माणसांना चालू नका म्हणून सांगू?" त्या वैतागून म्हणाल्या.

त्यांचा जुना सहकारी सादिक पडद्यासमोर बसला होता. त्याने घसा खाकरला. "मॅडम, रागावू नका. पण तुम्ही जेवायला जाता ना, तेव्हा रेघ सरळ असते."

मॅडम जागच्या जागी थबकल्या. मग अलगद खुर्चीत बसल्या. रेघ हळूहळू सरळ झाली आणि तशीच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. समितीचे अध्यक्ष बोलत होते. दुर्बिणीचा निर्णय आणखी तीन वर्षं पुढे गेला होता. मॅडमच्या नाकाचा शेंडा लाल झाला. सादिकने घाबरून रेघेकडे पाहिलं.

"बरं," एवढंच म्हणून मॅडमनी फोन हळूच खाली ठेवला. "चाचणी कधी संपेल रे?"

"संध्याकाळी."

"मग मी संध्याकाळी चिडते."