रिलीव्हर

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: कारखान्यांजवळच्या कुरुळी गावातली पत्र्याची खोली, टळटळीत दुपार. सलोनीने अर्डुइनोच्या सर्किट बोर्डाला चार वायरींनी एफएम रेडिओचं मॉड्यूल आणि छोटा स्पीकर जोडला. गाणं लागेल म्हणून ती कान देऊन बसली, तर पप्पांचा आवाज आला. पप्पा गेल्या वर्षीच कंपनीत मशीनवर वारले होते.

"पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आलाच नाही गं बाळा. तो आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही."

"बंद कर ते!" आईच्या हातातली भाकरी गळून पडली.

सलोनीने सगळ्या वायरी उपटल्या. आवाज थांबला नाही.

"कुणीतरी या. मग मी लगेच घरी निघतो."

सलोनीने कॉटखालचे पप्पांचे सेफ्टी शूज ओढले आणि त्यांत पाय घातले.