बेचाळीस रेघा

धोंडीने तव्यावर तापवलेली निरगुडीची पानं फडक्यात बांधली, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि मग ठमीच्या छातीवरच्या व्रणाशेजारी अलगद टेकवली.

"भाजतंय का गं?"

"भाजलं तरी तुमी ऐकनार हाय का?" ठमी हसली. "लगीन झाल्यापास्नं एवढं जवळ कधी बसला नव्हता."

चोपन्न सालची थंडी होती. मुंबईच्या इस्पितळात तिची गाठ काढून महिना उलटला होता. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "गाठ काढली, पण काम निम्मंच झालंय. जखम भरली की सहा आठवडे शेक. चुकवलात तर आजार उलटेल." सोबत चौकटी आखलेलं एक कार्ड दिलं होतं.

धोंडीला अक्षर येत नव्हतं. कार्ड त्याने देवामागे जपून ठेवलं.

"त्यावरच खुना करा की," ठमी म्हणाली.

"इस्पितळाचा कागद हाय. घान नको."

शेक झाला की तो कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढायचा.

या शेकापायी त्याने बदलापूरच्या वीटभट्टीवरचं काम सोडलं. पुतणीच्या लग्नालाही गेला नाही. शेजारची वेणूबाई बारवी नदीकडच्या भगताचा अंगारा घेऊन आली, तर तिला त्याने उंबऱ्यावरूनच परतवलं.

"डाक्टर बोलला तेवढंच करायचं, मावशे. बाकी काय बी नाय."

छत्तिसाव्या रेघेच्या दिवशी ठमीच्या काखेत त्याच्या बोटाला खड्यासारखं काही लागलं. त्या दिवसापासून तो पानं दुप्पट घेऊ लागला.

"अवो, बरी व्हईन ना मी?"

"सहाच रेघा ऱ्हायल्या."

बेचाळिसावी रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवशी तो तिला मुंबईला घेऊन गेला. इस्पितळाचा जिना चढताना ठमी तीनदा खाली बसली.

नर्सबाईंनी कार्ड उघडलं, उलटून पाहिलं. सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या.

"एक दिस नाय चुकवला, बाई," धोंडी ताठ उभा राहून म्हणाला. "शेक पुरा केला."

नर्सबाई उठल्या. त्यांनी मागचं जाडजूड लोखंडी दार ढकललं. आत क्ष-किरणांचं एक भलंमोठं यंत्र घुमत होतं.

"बाबा, शेक इथं देतात. सहा आठवडे रोज ठमाबाईंचं नाव पुकारलं आम्ही."