इमारतीची जबानी

जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर झाली आणि आजवर त्याने निस्तरलेलं इमारतीच्या विम्याचं झेंगट सेक्रेटरी प्रमिलाताई खानोलकरांच्या गळ्यात पडलं. भिंतींना वाचा फुटल्यापासून विमा कंपन्या माणसांचं ऐकतच नसत, थेट इमारतीला विचारत. तिने दुखणं सांगितलं की विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे घरं रिकामी करा.

सर्व्हेअर ओगलेंनी जिन्यातल्या जाळीशी तोंड नेलं. "काय त्रास होतो?"

"काय होत नाही ते विचारा!" इमारत कडाडली. "तिसऱ्या मजल्यावरचे जिन्यात चपला काढतात. पाहुण्यांच्या गाड्या गेट अडवतात. आणि टाकी धुणार कोण?"

ताईंना घाम फुटला. सोसायटीची मीटिंग दर महिन्याला खाली पार्किंगमध्ये भरायची. इमारत बोलायला शिकली ती तिथेच.

बराच वेळ ऐकून ओगले हसले. "ठणठणीत आहे हो. जिचे खांब आतून पोखरलेत, ती इमारत भांडत नाही, गप्प बसते. विमा मंजूर."

ताईंनी पदराने कपाळ टिपलं.

"मंजूर कसा? टाकीचा विषय राहिलाच!"

"पुढच्या मीटिंगला घेऊ गं बाई," खांबावर थोपटत ताई म्हणाल्या.