कापूस वेचायचा शर्ट

मंदाबाईंचा धाकटा भाऊ भूपेंद्र भारताकडून रग्बी खेळला, गुडघा गेल्यावर वर्ध्याला पोरींचा कोच झाला, आणि त्याचं कौतुक मंदाबाईंच्या नवऱ्याला, नानाजींना, रोज जेवणासोबत ऐकावं लागायचं. त्याने बहिणीला दिलेली भारताची जर्सी डांबराच्या गोळ्या घालून पेटीत जपलेली होती. कापूस वेचायला जाताना मात्र मंदाबाई लुगड्यावर नानाजींचा जुना शर्ट चढवायच्या.

"त्याची जर्सी पेटीत अन् माहा शर्ट मातीत," कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामावर निघताना नानाजी कुरकुरायचे.

"ती इंडियाची आहे, तुमचा शर्ट वावराचा," असं म्हणून त्या हसायच्या आणि एकट्याच वावराकडे निघायच्या.

मंदाबाई वारल्या. भूपेंद्र घरी आला, तेव्हा नानाजींनी त्याला बस म्हणायच्या आधी पेटी उघडली.

"घेऊन जा तुही जर्सी. तिचा सारा जीव हिच्यातच होता."

भूपेंद्रने जर्सीला हात लावला नाही. खुंटीवर तो शर्ट अजून तसाच होता, सुकलेली बोंडं घासून बाह्या विरलेला. त्याच्याकडेच तो बघत राहिला.

"द्यायचाच असन तर तो शर्ट द्या, भाऊजी. लय जळलो मी त्याच्यावर. ताईले कितीदा म्हटलं, माही जर्सी घालून जात जाय, कापड जाड आहे, फाटत नाई.

"तं ती म्हणे, तुह्या भाऊजीचा शर्ट आंगात असला का वावरात एकटं नाई वाटत."