साठ फुटांचा डाकबंगला

निजामाच्या राजवटीत इंग्रज इंजिनिअरांच्या मुक्कामासाठी येलदरीच्या वाटेवर बांधलेला डाकबंगला पाडायचा की जपायचा, हे १९८६ साली विमलच्या नकाशावर ठरणार होतं. पुरातत्त्व खात्यात ती नकाशे काढायची.

बंगल्यात एकामागे एक तीन खोल्या होत्या. शेवटची अगदी अंधारी. चौकीदार किशनराव टेपचं टोक घेऊन त्या खोलीत गेला आणि विमल पुढच्या भिंतीपाशी थांबली.

जुन्या नकाशात लांबी साठ फूट होती. टेपवर एकसष्ट भरली. पुन्हा मोजली, तर त्रेसष्ट! विमलला मोठी गंमत वाटली.

"मामा, टोक भिंतीला टेकवलंय ना?"

उत्तरादाखल टेप ताणली गेली. आता पासष्ट.

एवढ्यात मागून, व्हरांड्यातून, किशनरावाचा आवाज आला. "बाई, च्या घ्या. टोक खिळ्याला अडकवून मागल्या दारानं मी कवाचा चुलीपाशी येऊन बसलोय."

"आत दुसरं कोण आहे?"

"कोन न्हाई."

टेप तिच्या मुठीतून हळूहळू पुढं सरकू लागली. सहासष्ट. सदुसष्ट. किशनराव कप घेऊन जागीच थिजला.

विमलनं मूठ सैल केली. किती भरतंय, ते तिला बघायचं होतं.